बिनव्याजी कर्जाची परंपरा आणि आपण



जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपले वाटूर वसलेले आहे. आज ते जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात मोडते. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा निर्माण होण्यापूर्वी हा तालुका परभणी जिल्ह्यात होता, आणि 1948 पूर्वी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ही ओळख आरंभीच करून देण्याचे कारण असे की, प्रस्तुत लेखाचा विषय जो बिनव्याजी अर्थव्यवहार, त्याच्या आधुनिक इतिहासातील एक महत्त्वाचे पान याच हैदराबाद संस्थानात लिहिले गेले. आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की, ‘इस्लामी बँक’ ही अरबस्तानात तेलाचा पैसा आल्यानंतर निघालेली वस्तू आहे. ती समजूत अपुरी आहे. आखातात पहिली इस्लामी बँक निघण्याच्या कितीतरी आधी, आपल्याच संस्थानातील साधे कारकून आणि पगारदार नोकर हा प्रयोग करीत होते.

हा इतिहास जाणून घेण्याची आज गरज आहे. मुलाचे इंजिनिअरिंगचे शुल्क, मुलीचे नर्सिंगचे प्रवेशपत्र, पेरणीचे बियाणे, घरातले आजारपण या चार प्रसंगी आपल्या घरांत पैशाची गरज उभी राहते. अशा वेळी एका बाजूला धर्माने व्याज निषिद्ध मानले आहे आणि दुसऱ्या बाजूला दारात व्याजाचाच पैसा उभा आहे, अशा कात्रीत माणूस सापडतो. या कात्रीतून सुटायचे तर आधी तिची दोन्ही पाती ओळखली पाहिजेत.

व्याज निषिद्ध का?

कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, म्हणजे सूरे बकरात, आयत 275 पासून 282 पर्यंत हा विषय सलग आला आहे. तेथे व्यापार हलाल आणि ‘रिबा’ हराम ठरविलेला आहे. रिबा म्हणजे मुद्दलावर केवळ मुदतीच्या मोबदल्यात ठरवून घेतलेली वाढ. परंतु ही आयत वाचून पुढची सोडून देणारे लोक बरेच आहेत. आयत 280 मध्ये अडचणीत सापडलेल्या ऋणकोला सवड द्यावी आणि शक्य असल्यास कर्ज माफच करावे असे सांगितले आहे. आयत 282 ही कुराणातील सर्वांत मोठी आयत. तिच्यात काय आहे? तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नका. म्हणजे व्याजबंदीच्या पाठोपाठ हिशेबाच्या वहीची आज्ञा आहे. “आपल्याच माणसाला दिले, कागद कशाला?” असे म्हणणारा मनुष्य दिलदार असेल, पण या शिकवणुकीचे पालन करीत नसतो.

इ. स. 632 मध्ये हजच्या अखेरच्या प्रवचनात पैगंबरसाहेबांनी जाहिलियतचे सारे व्याज रद्द केल्याचे जाहीर केले. त्यात सर्वांत प्रथम रद्द केले ते स्वतःचे चुलते हजरत अब्बास यांचे येणे व्याज. सुधारणेचा आरंभ स्वतःच्या घरापासून झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिवाय जकातीचे जे आठ हक्कदार कुराणाने सांगितले आहेत (सूरे तौबा, आयत 60), त्यांत कर्जात बुडालेल्या माणसाचाही समावेश आहे. तेव्हा नुसते “व्याज घेऊ नका” एवढेच सांगून इस्लाम थांबलेला नाही. व्याज न घेता कर्ज द्या, ते लिहून ठेवा, अडलेल्याला सवड द्या आणि बुडालेल्याला समाजाने वर काढा, असा हा चार टप्प्यांचा क्रम आहे. यातील पहिला शब्द तेवढा आपण पाठ केला आणि पुढचे तीन विसरलो, येथेच आपली अडचण सुरू होते.

ठेवी सांभाळण्याचा एक जुना दाखला पाहा. हजरत जुबैर बिन अव्वाम यांच्याकडे लोक विश्वासाने पैसे ठेवावयास आणीत. ते ती रक्कम ‘अमानत’ म्हणून न घेता ‘कर्ज’ म्हणून घेत. अमानत दैवयोगाने गहाळ झाली तर सांभाळणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. कर्ज मात्र कोणत्याही स्थितीत फेडावेच लागते. म्हणजे ठेवीदाराचा पैसा सुरक्षित झाला आणि जुबैर यांना तो व्यापारात वापरण्याची मोकळीक मिळाली. इ. स. 656 मध्ये ते वारले तेव्हा अशा देण्याची रक्कम 22 लक्ष दिरहम भरली. त्यांचे चिरंजीव अब्दुल्लाह यांनी जमिनी विकून ती फेडली, आणि कोणी धनको राहून गेला असेल तर त्याने पुढे यावे असे चार वर्षे हजच्या मेळाव्यात पुकारले. नंतरच वारसांत वाटणी झाली. आजची बँक ठेवीदाराची ‘ऋणको’ असते हे तत्त्व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवितात. त्याचे मूळ किती जुने आहे हे यावरून दिसेल.

व्याजाने बुडालेले संस्थान

आता आपल्या मुलखाकडे वळू. हैदराबादच्या आसफजाही राजवटीला मुसलमानी राज्य म्हणत असले, तरी एकोणिसाव्या शतकातील तिचा कारभार सर्वस्वी व्याजाच्या कर्जावर चाललेला होता, हे सत्य सांगितलेच पाहिजे. 1814 च्या सुमारास हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी निघाली. तिने राज्याला दरसाल शेकडा 24 च्या आसपास व्याजाने पैसा पुरविला. 1820 मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. अखेर ते देणे भागविण्यासाठी, उत्तर सरकारच्या प्रांतापोटी इंग्रजांकडून दरसाल मिळणारी 7 लाख रुपयांची पेशकश निजामाला कायमची सोडून द्यावी लागली. त्यानंतरही बोजा उतरला नाही. ज्या कंटिंजंट फौजेचा खर्च राज्यावर लादलेला होता, त्या खर्चाची थकबाकी साठत गेली आणि 1853 मध्ये वऱ्हाडचा कापसाचा समृद्ध प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. वऱ्हाडची सीमा आपल्या भागापासून फार दूर नाही. कर्जाच्या पायी एक अख्खा प्रांत जातो, याचे याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

जी गत दरबाराची, तीच रयतेची. या संस्थानात सावकारी करणारे लोक केवळ एका जातीचे वा एका धर्माचे नव्हते. मारवाडी आणि गुजर सावकार होते, कोमटी होते, ब्राह्मण होते, आणि अरब व रोहिले हेही होते. राज्याच्या फौजेत असलेल्या अरब जमादारांनी सरदारांना आणि खुद्द सरकारला कर्जे देऊन मुलूख तारण घेतले होते. 1853 ते 1883 पर्यंत दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांना त्यांचा हा जोर मोडून काढण्यासाठी बरेच श्रम पडले. रोहिल्यांच्या वसुलीची दहशत तर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत होती. नमाज पढणारा मनुष्यदेखील सावकार होऊ शकतो, हे इतिहासाने दाखवून दिले आहे. म्हणून व्याजाचा प्रश्न हा “ते” आणि “आपण” असा मांडणे चुकीचे आहे. तो देणारा आणि अडलेला यांच्यामधला प्रश्न आहे.

सीमेपलीकडे इंग्रजी मुलखात काय चालले होते? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) कापसाचे भाव चढले, शेतकऱ्याची पत वाढली आणि सावकाराने हात मोकळा सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली आणि कर्जाचे दस्तऐवज जाळले. हेच दख्खनचे दंगे. त्यांच्या चौकशीनंतर 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, कारण त्या कागदांवर काय लिहिले आहे हे अंगठा करणाऱ्याला वाचता येत नव्हते. विद्यार्थी मित्रहो, साक्षरता आणि कर्ज यांचा संबंध किती जवळचा आहे ते यावरून ध्यानात घ्या.

हैदराबादचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर हैदराबाद शहरात एका वेगळ्या विचाराने मूळ धरले. उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आणि पुढे पॅरिस येथे आयुष्य वेचलेले थोर विद्वान डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह (1908 ते 2002) यांनी या प्रयत्नांचा वृत्तांत लिहून ठेवला, म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या नोंदीनुसार 1891 च्या सुमारास सय्यद उमर कादरी या सूफी बुजुर्गांनी बिनव्याजी कर्ज देणारी संस्था काढली. अशा सुरुवातीच्या संस्थांच्या भांडवलात कुर्बानीच्या चामड्यांपासून आलेला पैसाही असे. म्हणजे सुरुवात दानधर्मातून झाली.

परंतु दानावर चालणाऱ्या संस्थेला मर्यादा असते. दान आटले की काम आटते, आणि घेणाऱ्याला मिंधेपणा वाटतो तो वेगळाच. पुढचे पाऊल पडले ते 1923 मध्ये. संस्थानच्या बंदोबस्त खात्यातील, म्हणजे जमिनीची मोजणी व आकारणी करणाऱ्या खात्यातील नोकरांनी परस्पर-सहाय्याची बिनव्याजी कर्जसंस्था स्थापन केली. येथे भांडवल कोणा धनिकाचे नव्हते, सभासदांच्याच लहान लहान भागांचे होते. गरजू सभासदाने कर्ज घ्यावे, हप्त्याहप्त्याने फेडावे आणि तोच पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, अशी ही व्यवस्था होती. दात्याचे उपकार येथे संपले आणि सहकार सुरू झाला. पुढे अशा संस्थांची संख्या वाढली.

त्याच काळात संस्थानात सहकाराचा कायदाही आलेला होता. इंग्रजी हिंदुस्थानात 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि 1914 च्या सुमारास हैदराबादनेही तसा कायदा केला. त्यामागे जर्मनीतील रायफायझन याने खेड्यांत उभारलेल्या पतसंस्थांचा आदर्श होता. 1929-30 मध्ये एस. केशव अय्यंगार यांनी संस्थानातील खेड्यांची आर्थिक पाहणी केली आणि 1349 फसलीत (1939-40) सावकारांवर नियंत्रण आणणारा कायदाही झाला. सरकारी सहकारी संस्था व्याज कमी करीत होत्या, तर या लहान संस्थांनी व्याज काढूनच टाकले, असा हा फरक होता.

विचाराची बाजूही हैदराबादेत मांडली गेली. उस्मानिया विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक अन्वर इक्बाल कुरेशी यांनी व्याजाच्या सिद्धांतावर इस्लामी दृष्टीने इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्याच विद्यापीठातील मौलाना मनाजिर अहसन गिलानी यांचा इस्लामी अर्थशास्त्रावरील उर्दू ग्रंथही 1940 नंतरच्या त्याच दशकातला. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. एका राज्याचा एक मुलूख तीन राज्यांत वाटला गेला, दफ्तराची भाषा बदलली, आणि हैदराबाद शहराशी असलेला आपला धागा तुटला. बिनव्याजी संस्थांची ही परंपरा मराठीत आलीच नाही, याचे हे एक कारण असावे असे वाटते.

नाईलच्या काठचा कापूस

1963 मध्ये इजिप्तमधील मित-गम्र या गावी अहमद अल-नज्जार या अर्थतज्ज्ञाने बिनव्याजी बचत बँक सुरू केली. हे गाव नाईल नदीच्या खोऱ्यातील कापूस पिकविणाऱ्या भागात आहे. अल-नज्जार जर्मनीत शिकलेले होते आणि तेथील स्थानिक बचत बँका त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. म्हणजे जर्मन खेड्यातील काटकसरीचा धडा एकीकडे हिंदुस्थानच्या सहकारी कायद्यात आला आणि दुसरीकडे नाईलच्या काठी इस्लामी बँकेच्या रूपाने उतरला. मित-गम्रच्या शेतकऱ्याने पैसा साठवावा, त्याला व्याज मिळू नये, पण गरजेच्या वेळी बिनव्याजी कर्ज मिळावे, आणि ज्याची इच्छा असेल त्याने भागीदारीच्या खात्यात पैसे ठेवून नफ्या-तोट्यात वाटेकरी व्हावे, अशी ही योजना होती. 1967 च्या सुमारास राजकीय कारणांनी हा स्वतंत्र प्रयोग थांबला. पण बी रुजले होते. 1975 मध्ये जिद्द्यात इस्लामी विकास बँक आणि दुबईत दुबई इस्लामी बँक सुरू झाली. अलिगढचे प्रा. मुहम्मद नजातुल्लाह सिद्दीकी (1931 ते 2022) यांनी बिनव्याजी बँकेची रचना उर्दूत व नंतर इंग्रजीत तपशिलाने मांडली आणि 1982 मध्ये त्यांना किंग फैसल पारितोषिक मिळाले. तेव्हा या शास्त्राच्या उभारणीत भारतीय विद्वानांचा वाटा मोठा आहे.

भारतातही ठिकठिकाणी काम चालू राहिले. उत्तर प्रदेशात 1961 मध्ये देवबंदचा मुस्लिम फंड निघाला. 1966 मध्ये हैदराबादेत तूर बैतुलमाल स्थापन झाला. आपल्या राज्यात 1976 मध्ये मुंबईत बैतुन्नस्र ही नागरी सहकारी पतसंस्था सुरू झाली. सप्टेंबर 2016 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे लोकमंगल सहकारी बँकेने आपल्या शाखेत बिनव्याजी व्यवहाराची सोय सुरू केली, आणि ही बँक मुसलमानांनी काढलेली नव्हती. मात्र देशाच्या पातळीवर गाडी अडली. 2008 मध्ये डॉ. रघुराम राजन यांच्या समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, 2015 मध्ये दीपक मोहंती समितीने बँकांत त्यासाठी वेगळी खिडकी असावी असे सुचविले, पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविल्याचे स्पष्ट झाले. म्हणून आपल्याला उपलब्ध असलेला मार्ग मुख्यतः सहकारी पतसंस्थांचा आहे.

आपल्या बोलीत हा व्यवहार

अरबी नावे ऐकून सामान्य माणूस बिचकतो. वास्तविक यातील बहुतेक व्यवहार आपल्या गावात आपल्या नावांनी चालत आलेले आहेत.

जमीन एकाची, राबणे दुसऱ्याचे आणि पीक ठरल्या हिश्शाने वाटून घेणे, याला आपण ‘बटई’ म्हणतो. फिकहच्या ग्रंथांत हीच ‘मुजारअत’. पैसा एकाचा आणि मेहनत दुसऱ्याची असा व्यापार म्हणजे ‘मुदारबत’. समजा, तुम्ही एका होतकरू तरुणाला दुकानासाठी 50,000 रुपये दिले आणि नफ्याचे प्रमाण त्याचे 60 व तुमचे 40 असे ठरले. वर्षाचा नफा 12,000 झाला तर त्याला 7,200 आणि तुम्हाला 4,800 मिळतील. तोटा आला तर पैशाचा तोटा तुमचा, त्याची मेहनत वाया गेली हा त्याचा तोटा. मात्र त्याने हयगय वा लबाडी केली असेल तर भरपाई त्याच्याकडे. दोघांनीही पैसे घातले तर ती ‘मुशारकत’, म्हणजे आपली ‘भागी’. “दरमहा ठराविक 1,000 रुपये दे, नफा होवो की न होवो,” असे म्हटले की ती भागी उरत नाही, ते व्याजच होते. भागीचा कागद करून आत असा करार लपविणारे लोक आपल्या आजूबाजूला आहेत.

तिसरा प्रकार ‘मुराबहत’. 10,000 रुपयांची वस्तू संस्थेने स्वतः विकत घेतली आणि खरेदीची किंमत उघड सांगून तुम्हाला 11,000 ला विकली, दरमहा 1,100 चे दहा हप्ते. हा व्यापार आहे, कारण वस्तू प्रथम संस्थेच्या मालकीची झाली आणि तिची जोखीम संस्थेने घेतली. एखादा हप्ता उशिरा आला तरी 11,000 चे 11,500 होत नाहीत. याच्या उलट गावात शेकडा तीन रुपये दराने घेतलेले 10,000 रुपये पाहा. महिन्याला 300, वर्षाला 3,600. दोन वर्षांत 7,200 रुपये भरूनही मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. शेकडा तीन हा शब्द ऐकावयास लहान आहे, पण तो दरसाल शेकडा 36 होतो, हे सातवीतला मुलगाही गुणाकार करून सांगू शकेल. त्याला सांगावयास लावा.

चौथा प्रकार आपल्या माता-भगिनींच्या परिचयाचा, तो म्हणजे ‘भिशी’. 20 जणींनी दरमहा 500 रुपये टाकले तर दर महिन्याला 10,000 जमतात आणि चिठ्ठी निघेल तिला ते मिळतात. प्रत्येकीने जेवढे भरले तेवढेच तिला मिळाले. ही परस्परांना दिलेली बिनव्याजी उधारीच होय. पण लिलावाच्या भिशीत गरजू बाई 10,000 सोडून 8,500 वर राजी होते आणि उरलेले 1,500 इतर जणी वाटून घेतात. हे 1,500 कशाचे? तिच्या गरजेचे. चिठ्ठीची भिशी आणि लिलावाची भिशी यांत एवढाच फरक आहे, पण सारा धर्म त्या फरकात आहे.

आणि या सर्वांच्या मुळाशी ‘कर्जे हसना’, म्हणजे केवळ भल्यासाठी दिलेले बिनव्याजी कर्ज. संस्था ते देत असेल तर तिला कारकुनाचा पगार, वह्या, जागेचे भाडे हा खर्च येतोच. तो कर्जदाराकडून घेता येतो, परंतु खरा खर्च तेवढाच. वर्षाचा खर्च 60,000 आणि कर्जप्रकरणे 200 असतील तर प्रत्येकी 300 रुपये, मग कर्ज 5,000 चे असो वा 50,000 चे. कारण अर्ज लिहिण्याची मेहनत दोन्हीला सारखीच. हाच खर्च रकमेच्या टक्क्यांत घेऊ लागले की तो मागल्या दाराने व्याज होण्याचा धोका असतो, असा इशारा जाणकारांनी दिलेला आहे.

बँकेच्या व्याजाविषयी सर्व विद्वानांचे एकमत आहे असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बहुसंख्य उलमा त्याला रिबाच मानतात. परंतु 1989 मध्ये इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी सरकारी बचत प्रमाणपत्रांच्या ठरलेल्या परताव्याला अनुमती दिली आणि त्यावर मोठा वाद झाला. शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. पण विचारण्याआधी शिष्यवृत्ती, शुल्कमाफी आणि वसतिगृहाच्या सवलती यांची दारे ठोठावून पाहिली का, हे स्वतःला विचारावे. अर्जाची तारीख चुकली म्हणून कर्ज काढावे लागणे यासारखे दुःख नाही.

नावावर भुलू नका

वाचकहो, आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘हलाल नफा’ या दोन शब्दांवर आपल्या समाजाचे जेवढे पैसे बुडाले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर बुडाले असतील. 2018 मध्ये हैदराबादेत आणि 2019 मध्ये बंगळुरात अशा योजना कोसळल्या. हजारो कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी त्यांत अडकली. कोणाचे मेहेर, कोणाची पेन्शन, कोणाच्या मुलीच्या लग्नाचे सोने. या योजनांनी दर महिन्याला भरघोस परतावा दिला, आणि नफा कोठून येतो हे विचारणारे थोडे निघाले. जो नफा दरमहा चुकत नाही, तोट्याचा महिना ज्याला ठाऊकच नाही, तो व्यापाराचा नफा असूच शकत नाही. मुदारबतचे वर दिलेले उदाहरण ज्याला समजले, तो अशा जाळ्यात सापडणार नाही.

म्हणून पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 असो वा बहुराज्य सहकारी संस्थांचा 2002 चा कायदा, नोंदणी क्रमांक मागावा. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद सभासदांना दाखवितात का? नफा कोणत्या धंद्यातून येतो? आणि कारभारी मंडळ सभासदांच्या मतांनी निवडले जाते की एकाच घरातून येते? पतसंस्थेतील ठेवींना बँकेप्रमाणे 5 लाखांपर्यंतच्या ठेव-विम्याचे संरक्षण नसते, हेही ध्यानात असावे. नोंदणीविना ठेवी गोळा करण्यास 2019 च्या कायद्याने बंदी आहे, आणि विनापरवाना सावकारी हा राज्याच्या 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्यांनी मौलवीसाहेबांचे छायाचित्र दाखविले पण ताळेबंद दाखविला नाही, त्यांना हात जोडून परत पाठवावे.

उपसंहार

बंदोबस्त खात्यातील त्या कारकुनांकडे तेलाच्या विहिरी नव्हत्या. त्यांच्याजवळ दरमहाचा पगार, एक वही आणि एकमेकांचा विश्वास एवढेच होते. यापैकी कोणती गोष्ट आपल्याजवळ नाही? वाटूर, परतूर, मंठा या भागात आज शिक्षक आहेत, चालक आहेत, गॅरेजवाले आहेत, दुकानदार आहेत, कापूस आणि सोयाबीन पिकविणारे शेतकरी आहेत. 50 घरांनी दरमहा 200 रुपये बाजूला काढले तर वर्षाला 1 लाख 20 हजार रुपये होतात. एवढ्यात 10,000 रुपयांप्रमाणे 12 विद्यार्थ्यांचे प्रवेश वेळेवर होतील, आणि ते पैसे हप्त्याने परत येऊन पुढच्या वर्षी आणखी मुलांच्या कामी येतील. मात्र नोंदणी, पावती, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि वेळेवर परतफेड या गोष्टींत सवलत नाही. कर्ज देणाऱ्याने व्याज सोडावे हे जितके खरे, तितकेच घेणाऱ्याने तारीख पाळावी हेही खरे. बिनव्याजी संस्था व्याजाअभावी बुडत नाहीत, त्या परतफेडीअभावी बुडतात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जो वाणिज्य शाखेला जाईल त्याने हिशेबतपासणी शिकावी, जो कायदा शिकेल त्याने सहकाराचा कायदा वाचावा, आणि ज्याला उर्दू व मराठी दोन्ही येतात त्याने हैदराबादच्या त्या जुन्या संस्थांचा इतिहास मराठीत आणावा. घरात आज कोणी कोठे अंगठा वा सही करणार असेल, तर तो कागद आधी मोठ्याने वाचून दाखवावा. सूरे बकराच्या त्या सर्वांत मोठ्या आयतीची अपेक्षा एवढीच आहे, आणि ती पुरी करण्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज लागत नाही.